योजनेतून उपचार घेताना: रुग्णालय पारखायचं कसं, पदरमोड टाळायची कशी, तक्रार टिकवायची कशी

रुग्णालयात दाखल होऊन मोफत उपचार मिळण्याची केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली. पुढची काही वर्षं तिची मोजदाद एकाच अंगाने व्हायची: किती कार्डं निघाली, किती पेशंट दाखल झाले, रुग्णालयांना किती रक्कम गेली. पेशंट बरा होऊन घरी गेला की नाही, हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नसे. ही योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की आता रुग्णालयांची पारख पाच गोष्टींवर होईल. लाभार्थ्याचं समाधान, पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण, पेशंटच्या खिशातून गेलेला पैसा, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि उपचारानंतर पेशंटच्या जगण्यात पडलेला फरक.

या पाचांपैकी समाधान, खिशातला खर्च आणि तक्रार या तीन गोष्टी पेशंटने किंवा नातेवाइकांनी सांगितल्याशिवाय नोंदल्याच जात नाहीत. दहा हजार रोख देऊन गप्प घरी आलेल्या कुटुंबाचं रुग्णालय सरकारदरबारी ‘शून्य पदरमोड’ असलेलं रुग्णालय ठरतं. म्हणून पुढचं सगळं पेशंटच्या बाजूने लिहिलं आहे. महाराष्ट्रात केंद्राची ही योजना आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एकत्र चालतात. राज्याचं काम राज्य आरोग्य हमी सोसायटी बघते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातली सगळी कुटुंबं योजनेत आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झालं.

कार्ड आधी, आजार नंतर

आयुष्मान कार्ड घरी कोणी आजारी नसताना काढून ठेवा. मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपमध्ये राज्य निवडून आधार किंवा रेशनकार्डाच्या क्रमांकावरून कुटुंब शोधता येतं. मग आधारची ई-केवायसी ओटीपीने, बोटांच्या ठशाने किंवा चेहऱ्यावरून होते. इथे दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे रेशनकार्ड जुनं असतं आणि त्याचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक कोणाकडे नसतो. तो तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा रेशन दुकानदाराकडे मिळतो. दुसरं, नाव जुळत नाही. रेशनकार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा एका ठिकाणी नुसतं ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’. नावांचा मेळ बसला नाही की अर्ज आपोआप मंजूर न होता तपासणीला जातो. पेशंट स्ट्रेचरवर असताना असे दिवस घालवणं परवडत नाही.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढावं लागतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच योजनेत असलं तरी या ज्येष्ठांना त्यांचे वेगळे ५ लाख मिळतात. वय आधारवरूनच धरतात, त्यामुळे आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

रुग्णालय निवडताना

‘अमुक हॉस्पिटल योजनेत आहे’ हे वाक्य अपुरं आहे. रुग्णालयं विभागवार अंगीकृत होतात, म्हणजे योजनेत घेतली जातात. एखाद्या ठिकाणी अस्थिरोग योजनेत असतो आणि हृदयरोग नसतो. मग छातीत दुखतं म्हणून गेलेल्या माणसाला ‘योजना इथे चालत नाही’ असं ऐकावं लागतं, आणि ते त्या विभागापुरतं खरं असतं. १५५३८८ वर किंवा १४५५५ वर फोन करून रुग्णालयाचं नाव आणि आजार दोन्ही सांगा. पहिला क्रमांक राज्य योजनेचा, दुसरा केंद्राचा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही याच फोनवर विचारून घ्या.

मग दर्जा. अंगीकरणाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची प्रवेश पातळीची मान्यता असलेल्या रुग्णालयाला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकरकमी, दरावर १० टक्के जादा मिळतात, पूर्ण मान्यता असेल तर १५ टक्के. याशिवाय प्राधिकरणाने भारतीय गुणवत्ता परिषदेबरोबर कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशी तीन प्रमाणपत्रं सुरू केली. दुसरी कुठलीच मान्यता नसलेल्यांसाठी कांस्य, एनएबीएच प्रवेश पातळी किंवा सरकारी रुग्णालयांच्या एनक्वास मानांकनावर रौप्य आणि पूर्ण एनएबीएचवर सुवर्ण. हे प्रमाणपत्र स्वागतकक्षातल्या भिंतीवर टांगलेलं असतं. जवळ जाऊन वाचा. कधी मुदत संपलेली असते, कधी फ्रेममध्ये मान्यतेचं नसून नुसतं अर्ज केल्याचं पत्र असतं, कधी प्रमाणपत्र त्याच नावाच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेचं असतं. सरकारी रुग्णालयात कायाकल्प पुरस्काराची पाटी दिसली तर ती स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखण्याच्या कामाबद्दल असते. ऑपरेशन होणार असेल तर ही बाब छोटी नाही.

प्रमाणपत्र सांगतं की रुग्णालयात नोंदी ठेवतात, हात धुतात, औषधांच्या तारखा बघतात. सर्जनचा हात कसा आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी चार प्रश्न ओपीडीतच विचारा. हे ऑपरेशन इथे महिन्याला साधारण किती होतात? डॉक्टर इथलेच आहेत की बाहेरून येऊन करून जातात, आणि बाहेरचे असतील तर रात्री काही झालं तर बघणार कोण? भूल कोण देणार? आयसीयू याच इमारतीत आहे का? गुडघा बदलायचा असेल तर पाचवा प्रश्न: ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट रोज येतो का? नीट बसवलेला गुडघा व्यायामाअभावी आखडतो आणि मग दोष इम्प्लांटला, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाला लागतो.

दाखल होताना

आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात पेशंटला मदत करणारा योजनेचा माणूस. त्याचा कक्ष बहुतेक ठिकाणी प्रवेशाजवळच असतो. पैशाच्या काउंटरवर जाण्याआधी तिथे जा. एकदा पावती फाटली की ‘आधी योजना सांगितली नाहीत’ हे उत्तर तयार असतं. कार्ड, आधार, रेशनकार्ड आणि आधीचे रिपोर्ट द्या. पेशंटचा फोटो आणि आधारची पडताळणी होते, मग रुग्णालय पॅकेज निवडून मंजुरीसाठी पाठवतं.

या टप्प्यावर आरोग्यमित्राला एवढंच म्हणा: ‘मॅडम, पॅकेजचं नाव, रक्कम आणि केस नंबर एवढं एका कागदावर लिहून द्या.’ पुढे काहीही झालं, फोन करायचा असो की तक्रार, याच तीन गोष्टी विचारतात. ज्या आजारासाठी आलात तोच त्या कागदावर आहे ना, हेही कळतं. डॉक्टर बोलले पित्ताशयाबद्दल आणि पॅकेज अपेंडिक्सचं लागलं, तर विचारणा तिथल्या तिथे करा. पुढे रुग्णालयाचा योजनेकडचा पैशाचा दावा नाकारला गेला की त्याचा ताण फिरत फिरत पेशंटच्याच गळ्यात येतो.

तातडीच्या वेळी कागदपत्रं हाताशी नसतील तर फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय राज्य योजनेत आहे. तिला ईटीआय म्हणतात. कागद किती तासांत आणून द्यायचे हे आरोग्यमित्राकडून लिहून घ्या आणि घरच्या एका माणसाला त्याच कामाला लावा.

दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर पहिल्या ठिकाणी संगणकावर डिस्चार्ज झाला आहे किंवा मंजुरी रद्द झाली आहे याची खात्री करूनच निघा. नाहीतर नव्या ठिकाणी ‘पेशंट आधीच दाखल दिसतोय’ म्हणून नोंदणी अडते आणि पहिल्या मंजुरीसाठी अडकवून ठेवलेली रक्कमही तुमच्या ५ लाखांतून कमी झालेली दिसते.

पैसा कुठे गळतो

पॅकेज म्हणजे एकरकमी दर. त्यात जनरल वॉर्डचा पलंग, नर्सिंग, डॉक्टरांची फी, भूल, रक्त, ऑक्सिजन, ऑपरेशन थिएटर, औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि पेशंटचं जेवण येतं. राज्य योजनेच्या पॅकेजमध्ये घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकवेळचं भाडंही आहे. हे भाडं मागणारे फार थोडे, आणि आपणहून देणारे त्याहून थोडे.

दर ठरलेला असल्यामुळे रुग्णालयाचा फायदा खर्च कमी करण्यात असतो. खर्च कमी करण्याचा चांगला मार्ग म्हणजे काटकसरीने, नीट काम करणं. वाईट मार्ग म्हणजे खर्च पेशंटवर ढकलणं, आणि त्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत.

दाखल करण्याआधी ‘एमआरआय, टूडी इको बाहेरून करून आणा’ म्हणतात. केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांतल्या तपासण्या पॅकेजमध्ये धरलेल्या आहेत, म्हणून तपासणीची तारीख आणि दाखल होण्याची तारीख यांत किती अंतर पडतंय ते बघा. वॉर्डात चिठ्ठी हातात देतात, ‘हे इंजेक्शन आमच्याकडे नाही, मेडिकलमधून आणा.’ तेव्हा भांडू नका. सिस्टरना म्हणा, ‘सिस्टर, हे पॅकेजमध्ये नाही असं चिठ्ठीवर लिहून सही करा, मी लगेच आणतो.’ बऱ्याचदा सहीपेक्षा इंजेक्शन लवकर सापडतं. पेशंटचा जीव अडत असेल तर अर्थातच आधी औषध आणा. मात्र बिल पेशंटच्या नावाने घ्या आणि चिठ्ठीचा फोटो काढूनच ती दुकानदाराला द्या, कारण काही दुकानदार ती ठेवून घेतात.

तिसरी तऱ्हा इम्प्लांटची. ‘योजनेतला साधा असतो, चांगला हवा तर फरक भरा.’ हा फरक रोख मागितला जातो, त्याची पावती क्वचितच मिळते. चौथी तऱ्हा सहीची. ‘मी स्वखुशीने योजनेचा लाभ नाकारत आहे’ अशा अर्थाचा छापील कागद दाखल होतानाच्या सह्यांच्या गठ्ठ्यात मधेच असतो. दहा कागदांवर सह्या घेत असतील तर प्रत्येक कागदाचा मथळा तरी वाचा, आणि असा कागद निघाला तर १५५३८८ वर बोलल्याशिवाय सही करू नका.

योजनेत पेशंटकडून बेकायदा पैसे घेणं हा नियमांत नोंदलेला गुन्हा आहे. केंद्राच्या गैरव्यवहारविरोधी सूचनांनुसार पहिल्या वेळी सगळी रक्कम परत आणि त्याच्या तिप्पट भरपाई, दुसऱ्या वेळी शिवाय दावा नामंजूर, तिसऱ्या वेळी अंगीकरण रद्द. हे काउंटरवर ओरडून सांगण्याची गरज नसते. ‘पावती द्या’ एवढ्यावरच बरीच कामं होतात.

वॉर्डातली वही

औषधोपचाराची पॅकेजेस, म्हणजे ज्यांत ऑपरेशन नाही ती, दिवसावर चालतात आणि दर पलंगाच्या प्रकारावर असतो: साधा वॉर्ड, हाय डिपेंडन्सी युनिट (वॉर्ड आणि आयसीयू यांच्या मधली पायरी), आयसीयू, व्हेंटिलेटरसह आयसीयू. केंद्राने २०२१ मध्ये हे दर सुधारले तेव्हा साध्या वॉर्डाला १७ टक्के वाढ मिळाली आणि व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूला १३६ टक्के. दरांतली दरी एवढी असल्यावर मोह होणारच. पेशंट वॉर्डात आणि कागदावर आयसीयूत, असं झालं तर तुमच्या ५ लाखांतून ते दिवस कापले जातात. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कोणाचं ऑपरेशन निघालं की मग शिल्लक बघून डोळे उघडतात.

उपाय साधा: एक वही. रोज तारीख, पलंग क्रमांक, कोणत्या विभागात, कोणते डॉक्टर बघून गेले, बाहेरून काय आणलं. दोन ओळी पुरेत.

अँजिओप्लास्टी झाली असेल तर आणखी एक काम. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, खोक्यावर कंपनी, मॉडेल, व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेलं चिकट लेबल असतं. ते सोलून केस पेपरवर चिकटवतात, दाव्यालाही तेच जोडतात. दोन स्टेंट सांगितले तर दोन लेबलं हवीत. त्या पानाचा फोटो घ्या आणि अँजिओप्लास्टीची सीडी मागून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरपुढे बसाल तेव्हा ‘कुठला तरी स्टेंट टाकलाय’ सांगण्यापेक्षा हे लेबल कितीतरी कामाचं. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या इम्प्लांटलाही अशीच लेबलं असतात.

डिस्चार्ज आणि पुन्हा दाखल होणं

पुन्हा दाखल व्हावं लागणं हे वाईट उपचाराचं लक्षण धरायचं का, यावर डॉक्टरांत वाद आहेत. गंभीर पेशंट घेणारं रुग्णालय उगाच बदनाम होतं, हा आक्षेप खोटा नाही. तरी जगभर हा आकडा वापरतात. अमेरिकेत मेडिकेअरने ऑक्टोबर २०१२ पासून हृदयविकार, न्यूमोनियासारख्या ठरावीक आजारांत ३० दिवसांत परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली. ही कपात ३ टक्क्यांपर्यंत जाते.

आपल्याकडे पुन्हा दाखल होण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया केल्या तर केंद्राच्या नियमाने सर्वांत महाग शस्त्रक्रियेचे १०० टक्के, दुसरीचे ५० आणि त्यापुढच्यांचे २५ टक्के मिळतात. म्हणून एका भूलीत होण्यासारखी दोन कामं महिन्याच्या अंतराने करायचा सल्ला मिळू शकतो. कधी त्याला वैद्यकीय कारण असतं: सूज उतरायला हवी, रक्त कमी आहे, साखर आटोक्यात नाही. ते कारण डॉक्टरांना विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. कारण असेल तर लिहायला कोणी कचरत नाही.

डिस्चार्ज कार्डावर निदान, काय केलं, घरी जाताना रक्तदाब-साखर किती, औषधाचं नाव-मात्रा-दिवस, टाके काढायची तारीख, आणि ‘असं झालं तर लगेच या’ याची यादी हवी. शेवटची गोष्ट सर्रास राहून जाते. ताप किती आला तर, जखमेतून पाणी आलं तर, पोटरी सुजली तर, धाप लागली तर काय करायचं हे विचारून स्वतः लिहून घ्या. रात्री चालणारा फोन क्रमांकही घ्या. डिस्चार्जनंतरची औषधं केंद्राच्या योजनेत १५ दिवसांची आहेत, राज्य योजनेच्या पॅकेजमध्ये तपासणी आणि औषधं १० दिवसांपर्यंत धरलेली आहेत. तुमच्या केसला कोणती मुदत लागू ते आरोग्यमित्राकडून कार्डावरच लिहून घ्या आणि औषधं मोजून घेऊनच निघा. घरी पोचल्यावर पिशवीत पाच दिवसांचीच गोळी निघाली तर परत कोण जाणार.

फोन आला तर

डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात आणि नंतर योजनेच्या कॉल सेंटरचा फोन येऊ शकतो. फॉर्म कोरा ठेवून सही करू नका. ‘समाधानी’ची खूण नंतर कोणीही करतं. फोनवर विचारतात, उपचार मिळाला का, पैसे घेतले का. इथे आपली भिडस्त माणसं ‘सगळं छान, डॉक्टर देवमाणूस’ म्हणून मोकळी होतात. डॉक्टर देवमाणूस असतीलही. औषधाला चार हजार गेले हे तरीही सांगा, कारण त्या नोंदीला पदरमोडीच्या आकड्यात जागा आहे. एक खबरदारी: अभिप्रायाच्या फोनला ओटीपी, बँक खातं किंवा पिन लागत नाही. तो मागितला की फोन ठेवून द्या.

जगण्यात पडलेला फरक मोजायला जगभर ईक्यू-५डी नावाची प्रश्नावली वापरतात. चालणं-फिरणं, अंघोळ-कपडे, रोजची कामं, वेदना, मनावरचा ताण या पाच गोष्टी त्यात येतात. असे प्रश्न कोणी विचारले तर आजचं सांगा, उद्या होईल ते नको. ‘काठीशिवाय संडासपर्यंत जाता येत नाही’ हे उत्तर ‘बरं आहे’ पेक्षा उपयोगी.

टिकणारी तक्रार

तक्रार १४५५५ किंवा १५५३८८ वर, किंवा योजनेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते. नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निवारण समित्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर आहेत. खालच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर वर जाता येतं.

‘रुग्णालयाने आमची लूट केली, गरिबाला न्याय मिळावा’ ही तक्रार मनाला भिडते आणि समितीत पडते, कारण तपासायला त्यात काहीच नसतं. हीच अशी लिहा:

‘केस क्रमांक अमुक. दि. १२ रोजी सकाळी ११ च्या सुमारास पहिल्या मजल्यावरच्या बिल काउंटरवर इम्प्लांटचा फरक म्हणून ८,५०० रुपये रोख घेतले. पावती मागितली, दिली नाही. त्या वेळी माझ्यासोबत मुलगा होता. त्याच दिवशी ९.४० ला खात्यातून ९,००० काढल्याची नोंद जोडली आहे. दि. १३ व १४ ची औषधांची दोन बिलं, एकूण २,३१० रुपये, चिठ्ठ्यांच्या फोटोंसह जोडली आहेत. रक्कम परत मिळावी.’

तारीख, वेळ, जागा, रक्कम, कारण, साक्षीदार, पुरावा आणि मागणी. विशेषण एकही नाही. पावती नसेल तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद चालते, ऑनलाइन पैसे ज्या क्रमांकावर पाठवले त्याचा स्क्रीनशॉट तर त्याहून पक्का. वागणुकीची आणि पैशाची तक्रार एकाच अर्जात घालू नका. पैशाची शाबीत होते, वागणुकीची शब्दाला शब्द होते, आणि दोन्ही एकत्र असल्या की पैशाची बाजूही वादात सापडते. पेशंट अजून दाखल असेल आणि रोष ओढवण्याची भीती वाटत असेल, तर पुरावे जमवा आणि अर्ज डिस्चार्जनंतर करा. फक्त उपचारच अडवला असेल तर थांबू नका, त्याच क्षणी वॉर्डातून फोन लावा आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाचा क्रमांक मागून घ्या.